छप्पन्न शुक्रवार : राष्ट्रीय संघाच्या व्यवस्थापकाने क्लबमालकांकडे किती मागावे?

अर्धवर्तुळ (धागाकर्ता)

बझरबीटर या ऑनलाइन बास्केटबॉल खेळात माझा क्लब गेली अनेक वर्षे खालच्या श्रेणीत सुखाने नांदतो आहे. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. २००७ पासून चालू असलेल्या या खेळात आपण खेळाडू नसतो, क्लबचे मालक असतो. कोण कोणत्या जागी उतरेल, डाव कोणता लावायचा आणि आठवडाभर कोणते कौशल्य घोटून घ्यायचे एवढे ठरवून आपण बाजूला होतो आणि सामना संगणक खेळतो. हंगाम १४ आठवड्यांचा असतो आणि ट्रेनिंगचा निकाल दर शुक्रवारी लागतो.

प्रत्येक देशाचे दोन राष्ट्रीय संघ असतात, एक मोठ्यांचा आणि दुसरा २१ वर्षांपर्यंतच्या मुलांचा, आणि दोहोंचे व्यवस्थापक त्या त्या देशातील क्लबमालकांच्या मतांनी निवडले जातात. यंदा भारताच्या २१ वर्षांपर्यंतच्या संघाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. निवडून आलो असे म्हणणे धाडसाचे होईल. उभा राहिलो आणि फारशी कोणी हरकत घेतली नाही.

जबाबदारी आल्यावर पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी की राष्ट्रीय संघाच्या व्यवस्थापकाला ट्रेनिंगचे बटणच नसते. संघ तो निवडतो, डाव तो लावतो, पण ज्या मुलांच्या जिवावर हे सगळे करायचे ती मुले जगभरच्या मालकांच्या क्लबांत असतात. १८ व्या वर्षी ड्राफ्टमधून (नव्या खेळाडूंच्या वाटपातून) आलेला मुलगा २१ वर्षांचा असेपर्यंत चार हंगाम मिळतात (खेळात एक हंगाम म्हणजे खेळाडूच्या वयाचे एक वर्ष), म्हणजे ५६ शुक्रवार. त्यांतला एकही शुक्रवार माझ्या हातात नसतो.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे १९ वर्षांचा, २१३ सेंटिमीटर उंचीचा एक सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू आहे आणि त्याचे पोटेन्शियल (पुढे वाढायला असलेला वाव) उत्तम आहे. त्याचा मालक इस्टोनियातला आहे. त्याने हा मुलगा लिलावात घेतला आणि रीतसर रिबाउंडिंग (हुकलेला चेंडू पकडणे) व इनसाइड डिफेन्स (बास्केटजवळचा बचाव) शिकवायला सुरुवात केली. मी त्याला विनंती केली की या मुलाला निदान एक हंगाम पासिंग शिकवावे, कारण वरच्या दर्जाच्या संघांपुढे निव्वळ उंच आणि दांडगा सेंटर पुरत नाही. हे सांगायला सोपे आहे. प्रत्यक्षात पासिंगचा पुरेपूर लाभ व्हायचा तर त्या सात फुटी मुलाला आठवड्यातून ४८ मिनिटे पॉइंट गार्डच्या, म्हणजे चेंडू हाताळून डाव मांडणाऱ्या चपळ खेळाडूच्या जागी उभे करावे लागते. त्या सज्जन माणसाने एका मंगळवारी लीगच्या सामन्यात तसे केले. आमच्या मुलाने ११ वेळा चेंडू घालवला आणि त्यांचा क्लब २६ गुणांनी हरला. दुसऱ्या दिवशी त्याने सामन्याचा दुवा पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली, "हे तुमच्या देशासाठी."

तेव्हापासून मनाला खात आहे. ज्याला भारताशी काही देणेघेणे नाही, अशा माणसाकडे त्याच्या क्लबचा हंगाम मागण्याचा मला कितपत अधिकार आहे? आणि आपल्याच भारतीय मालकांकडे मागायचे असेल तर त्यांना बदल्यात काय द्यायचे?

हिशोबनीस

प्रश्न नीतीचा म्हणून मांडला असला तरी त्याची निम्मी बाजू हिशोबाची आहे, तेवढी मी मांडतो.

या खेळात खेळाडूचा पगार त्याच्या सर्वांत भक्कम जागेनुसार ठरतो. सेंटरचे इनसाइड शॉट, इनसाइड डिफेन्स आणि रिबाउंडिंग ही तीनच कौशल्ये वाढवत गेल्यास पगार असा चढतो की मधल्या श्रेणीतल्या क्लबला तो झेपत नाही आणि मालक त्याला विकायला काढतो. विकत घेणारा श्रीमंत क्लब त्याला खेळवतो, शिकवत नाही. याउलट त्याच सेंटरला पासिंग, हँडलिंग आणि आउटसाइड डिफेन्स शिकवले तर पगार फारसा न हलता खेळाडू चौफेर होतो. म्हणजे तुमची विनंती मालकाच्या फायद्याची नाही असे मुळीच नाही. तोटा आज आहे आणि फायदा दोन हंगामांनी आहे. पत्रात देशाचे नाव घेण्याऐवजी दोन हंगामांनंतरच्या पगाराचा अंदाज मांडला असता तर तो माणूस इतका दुखावला नसता, असे माझे मत आहे.

दुसरी गोष्ट, पुऱ्या ट्रेनिंगसाठी ४८ मिनिटे लागतात हे खरे, पण ती लीगच्याच सामन्यात द्यावीत असे कोणी सांगितले? बुधवारी मैत्रीपूर्ण सामना ठेवावा आणि तेथे हा प्रयोग करावा. शनिवारी त्याला स्वतःच्या जागी वीसेक मिनिटे उतरवले की आठवड्याची एकूण मिनिटे सत्तरच्या आत राहतात आणि गेम शेपही (खेळाडूचा ताजेपणा) बिघडत नाही. दोन्ही सामन्यांत पूर्णवेळ पळवले तर पुढच्या आठवड्यात पोर दमलेले दिसते, हे नव्या मालकांना उशिरा कळते.

ठाकुर्लीकर

हिशोबनीस यांनी एक अट सांगायची राहिली. बुधवार मोकळा मिळायचा तर क्लब बुधवारी होणाऱ्या चषक स्पर्धेतून बाहेर पडलेला असावा लागतो. माझा क्लब दरवर्षी पहिल्याच फेरीत बाहेर पडतो. आजवर मी याला अपयश समजत होतो. ही देशसेवा आहे हे आज कळले.

खडूस_काका

मला हा सारा प्रकारच पटत नाही. क्लब मालकाचा, पगार तो देतो, लिलावात पैसे त्याने मोजलेले असतात. राष्ट्रीय संघाचा व्यवस्थापक एका पत्राच्या भांडवलावर त्याच्या ट्रेनिंगमध्ये नाक खुपसतो आणि मग 'देशासाठी' म्हणून टाळ्या घेतो.

खऱ्या बास्केटबॉलमध्येही हे भांडण मिटलेले नाही. फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने, २०१७ पासून विश्वचषकाच्या पात्रता सामन्यांसाठी हंगामाच्या मधोमध वेळ राखून ठेवली, तर अमेरिकेतली एनबीए आणि युरोपातली युरोलीग या क्लबांच्या लीगांनी त्या दिवसांत आपले कामकाज थांबवले नाही. परिणामी अनेक देश आपल्या सर्वांत मोठ्या खेळाडूंशिवाय पात्रता फेऱ्या खेळतात. तेथे निदान खेळाडूला स्वतःला देशाकडून खेळायची ओढ असते. आपला २१३ सेंटिमीटरचा सेंटर म्हणजे आकड्यांची एक ओळ आहे. त्याला ना इस्टोनिया ठाऊक, ना भारत.

अर्धवर्तुळ

काका, आकड्यांची ओळ आहे हे मान्य. तरीही शुक्रवारी सकाळी उठल्यावर चहाच्या आधी ती ओळ पाहणारे आपणच आहोत ना?

हिशोबनीस, पगाराचा मुद्दा पत्रात घातला नाही ही माझी चूकच झाली. बुधवारचा पर्यायही मला सुचला नाही, कारण माझा क्लब त्या वेळी चषकात होता आणि मी जग आपल्याच खिडकीतून पाहत होतो.

ऑकलंडकर

मी मालकाच्या बाजूने बोलतो, कारण माझ्यावर ही वेळ आलेली आहे.

मी न्यूझीलंडमध्ये राहतो आणि खेळातला माझा क्लबही तेथेच आहे. काही वर्षांपूर्वी मी लिलावात १८ वर्षांचा एक भारतीय गार्ड घेतला. कारण निव्वळ भावनिक होते. त्याच्या नावापुढे तिरंगा दिसला आणि मी बोली लावली. तेव्हाच्या व्यवस्थापकांचे आठवड्याभरात पत्र आले, आणि ते पत्र मी अजून विसरलेलो नाही. त्यांनी मुलाच्या पुढच्या तीन हंगामांचा आराखडा लिहिला होता : पहिला हंगाम आउटसाइड डिफेन्स, मग जंप शॉट, मधल्या काही आठवड्यांत हँडलिंग, आणि शेवटी "जमल्यास थोडे रिबाउंडिंग, नाही जमले तरी हरकत नाही." हे शेवटचे वाक्य वाचून मी विरघळलो. रिबाउंडिंगसाठी मी त्या गार्डला सेंटर म्हणूनही उभे केले आणि तीन सामने घालवले. त्या हंगामात माझा क्लब एका श्रेणीने खाली गेला. सगळा दोष त्या तीन सामन्यांचा नव्हता, पण थोडा होताच.

मुलगा २१ वर्षांचा झाला आणि ज्या हंगामासाठी हे सगळे केले त्याच्या तोंडावर निवडणूक होऊन व्यवस्थापक बदलले. नव्या गृहस्थांनी माझ्या मुलाला एकदाही बोलावले नाही. मी पत्र लिहून विचारले. उत्तर आले की त्यांच्या आखणीत आक्रमण आतून, म्हणजे बास्केटजवळून करायचे आहे, त्यामुळे बाहेरून नेम धरणाऱ्या गार्डला जागा नाही. त्यांचे म्हणणे खेळाच्या दृष्टीने चूक नव्हते, म्हणून मी भांडलोही नाही. पण पुढच्या आठवड्यात मुलगा विकून टाकला आणि त्यानंतर तिरंगा पाहून बोली लावलेली नाही.

तेव्हा अर्धवर्तुळ, मागायचा अधिकार तुम्हाला आहे का, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. तुम्ही मागता त्या ५६ शुक्रवारांपैकी किती शुक्रवार तुम्ही स्वतः खुर्चीवर असणार आहात, हे आधी सांगा.

पडवी

ऑकलंडकर यांचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही सुचले नाही. दर निवडणुकीला जाहीरनाम्यांत 'तरुणांना संधी' आणि 'मालकांशी संवाद' ही वाक्ये नेमाने येतात. 'आधीच्या व्यवस्थापकाने दिलेला शब्द मी पाळीन' असे लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही.

यातून एक वेगळा प्रश्न निघतो. संघात शेवटची एक जागा उरली आहे, आणि दोन मुले आहेत. पहिल्याची कौशल्ये किंचित सरस आहेत, पण त्याचा मालक पत्राला उत्तरसुद्धा देत नाही आणि त्याचा गेम शेप कायम ढासळलेला असतो. दुसरा उन्नीस आहे, पण त्याच्या मालकाने तीन हंगाम सांगितले तसे शिकवले आहे. कोणाला घ्याल? मी दुसऱ्याला घेईन. याला कोणी वशिला म्हटले तरी चालेल.

खडूस_काका

वशिलाच आहे तो. संघनिवड म्हणजे हळदीकुंकू नव्हे, की आलेल्या प्रत्येकीची ओटी भरली पाहिजे.

पडवी

काका, ज्या घरी ओटी भरत नाहीत त्या घरी पुढच्या वर्षी कोणी येत नाही, हेही आपल्याला ठाऊक असेलच.

नवशिका_सोलापूर

मी हा खेळ खेळत नाही, पण धागा सोडवत नाही म्हणून विचारतो. राष्ट्रीय संघाच्या व्यवस्थापकाचाही स्वतःचा क्लब असतो ना? मग त्याने तो सेंटर स्वतःच विकत घेऊन हवे तसे शिकवावे. इस्टोनियाच्या माणसाला कशाला त्रास?

हिशोबनीस

प्रश्न रास्त आहे आणि काही व्यवस्थापक तसे करतातही. अडचणी दोन आहेत. ट्रेनिंग ठरावीक जागांपुरते असते, आणि जितक्या कमी जागा निवडाव्यात तितका प्रत्येक खेळाडूला लाभ अधिक होतो. त्यामुळे एक क्लब एका वेळी दोन-तीन मुलेच नीट घडवू शकतो आणि तीही एकाच प्रकारची. गार्ड आणि सेंटर दोघेही एकाच आठवड्यात एकाच क्लबमध्ये सारखे वाढत नाहीत. बाराएक चांगली मुले हवी असतील तर पाच-सहा क्लब कामाला लागावे लागतात. दुसरी अडचण माणसांची : व्यवस्थापकाने स्वतःच्याच क्लबची मुले संघात घेतली की पुढच्या निवडणुकीत ते त्याला ऐकवले जाते, मग मुले कितीही गुणी असोत.

उंचीचाही एक भाग आहे. उंच मुले आतली कौशल्ये लवकर शिकतात आणि बाहेरची सावकाश. म्हणजे २१३ सेंटिमीटरच्या मुलाला पासिंग शिकवणे हे मुळातच चिवट काम आहे. १९ व्या वर्षी ते निदान होते तरी. वय वाढत जाते तसा वेग उतरतो.

ठाकुर्लीकर

म्हणजे उंच माणसाला वाकायला शिकवण्यासारखेच की. आमच्या लोकलच्या डब्यात हे ट्रेनिंग रोज विनामूल्य होते.

तिसरा_पर्याय

मी मागे मोठ्यांच्या राष्ट्रीय संघाचा व्यवस्थापक होतो, म्हणून थोडे पुढचे सांगतो. मालकांनी घाम गाळून घडवलेली मुले हाती आल्यावर व्यवस्थापक त्यांचे काय करतो, याची चर्चा कोणी करत नाही.

एका स्पर्धेत आमचा सामना आमच्यापेक्षा बराच दुबळ्या देशाशी होता आणि त्यानंतर लगेच गटातल्या बलाढ्य संघाशी. आता, प्रत्येक सामन्यासाठी संघाने किती जोर लावायचा हे निवडता येते. जोर पूर्ण लावला तर पुढच्या सामन्यांसाठीचा उत्साह खाली येतो. 'टेक इट ईझी' निवडले तर उत्साह साठतो. मी हुशारी केली आणि दुबळ्या संघाविरुद्ध 'टेक इट ईझी' लावले. समोरच्या व्यवस्थापकाने मी हेच करणार हे ओळखून पूर्ण जोर लावला होता. शिवाय आपण आक्रमण आतून करणार की बाहेरून, याचा अंदाज प्रतिस्पर्ध्याला आधी बांधता येतो आणि तो बरोबर आला तर त्याच्या बचावाला बळ मिळते. मी तर आधीचे चारही सामने आतूनच खेळलो होतो. शेवटच्या क्वार्टरमध्ये आमचे दोन्ही सेंटर फाउलांमुळे बाहेर बसले होते आणि रात्री दीड वाजता मी अंधाऱ्या खोलीत संगणकासमोर उभा होतो. उभा का होतो, ते आजही सांगता येणार नाही. चार गुणांनी हरलो.

सकाळी पहिले पत्र आले ते एका मालकाचे. त्याने आमच्या एका सेंटरवर पाच हंगाम खर्च केले होते. शिवी वगैरे काही नव्हती. "तुम्ही त्याला जिंकण्यासाठी खेळवले असते तर हरल्याचे वाईट वाटले नसते," एवढेच लिहिले होते. मी त्या दिवशी सगळ्या मालकांना पत्र लिहून चूक कबूल केली. गंमत अशी की त्या माफीपत्राला जितकी उत्तरे आली तितकी माझ्या कुठल्याही ट्रेनिंगच्या आराखड्याला आली नव्हती.

नवशिका_सोलापूर

थोडे विषयांतर करतो. सतनाम सिंग ७ फूट २ इंच उंच. २०१५ साली डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले आणि भारतात जन्मलेला खेळाडू प्रथमच एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेला. त्यालाही कोणी पॉइंट गार्डच्या जागी उभे केले असेल का?

खडूस_काका

त्याला काय केले ते मला माहीत नाही, पण खऱ्या भारतीय पुरुष संघाने ऑलिंपिक एकदाच पाहिले, १९८० साली मॉस्कोत. या खेळातल्या भारताला तेवढे जरी जमले तरी मी माझे शब्द मागे घेईन आणि अर्धवर्तुळ यांना माझ्या क्लबचे शुक्रवार देईन. माझ्याकडे १८ वर्षांचा एक फॉरवर्ड आहे. पोटेन्शियल बरे आहे. कौशल्ये विचारू नका, इथे चारचौघांत लिहिणार नाही. व्यक्तिगत निरोप करा.

पडवी

काकांच्या क्लबात भारताचा फॉरवर्ड निघाला! लिलावात काढल्याशिवाय दुसऱ्याच्या खेळाडूची कौशल्ये आपल्याला दिसत नाहीत, त्याचा काकांनी पुरेपूर लाभ घेतलेला दिसतो.

खडूस_काका

मुलगा ड्राफ्टमध्ये आपोआप आला. मी तिरंगा पाहून बोली लावणाऱ्यांतला नव्हे.

अर्धवर्तुळ

सर्वांचे आभार. मधल्या दहा दिवसांत जे घडले ते सांगतो.

ऑकलंडकर यांचा प्रश्न मी स्वतःला विचारला. मी पुढची निवडणूक जिंकेन की नाही हे माझ्या हाती नाही, म्हणून सगळ्या मुलांचे आराखडे आणि कोणत्या मालकाला मी काय शब्द दिला आहे ते एका तक्त्यात लिहून तो तक्ता भारताच्या मालकांसाठी खुला केला आहे. माझ्यानंतर येणाऱ्याला तो पाळण्याचे बंधन नाही, पण 'मला माहीत नव्हते' असे त्याला म्हणता येणार नाही. पडवी यांच्या शेवटच्या जागेबाबत मी अजून अडलेलो आहे. तूर्त एवढे ठरवले आहे की मैत्रीपूर्ण सामन्यांत मेहनती मालकाच्या मुलाला घ्यायचे; स्पर्धेत कौशल्य आणि गेम शेप पाहायचा, आणि ज्याला वगळले त्याच्या मालकाला संघ जाहीर होण्याआधी स्वतः पत्र लिहायचे.

इस्टोनियाच्या मालकालाही पुन्हा लिहिले. यात देशाचे नाव घेतले नाही. दोन वेगवेगळ्या आराखड्यांत २२ व्या वर्षी पगार साधारण कुठे पोहोचेल, एवढे हिशोबनीस यांच्या मदतीने मांडले. बुधवारच्या सामन्याचे सुचवले आणि त्या २६ गुणांच्या पराभवाबद्दल माफी मागितली. त्याचे उत्तर तीन ओळींचे आले. चषकातून तो गेल्याच आठवड्यात बाहेर पडला आहे, बुधवार मोकळा आहे, आणि पुढचे सहा आठवडे तो पासिंग करून पाहील. त्यानंतर मुलगा विकावा असे त्याला वाटले तर मी अडवायचे नाही, ही त्याची अट आहे. मी ती मान्य केली.

ऑकलंडकर

सहा आठवड्यांनी तो विकायला निघाला तर येथे कळवाल का? बोली लावीनच असे नाही.

ठाकुर्लीकर

आज शुक्रवार. काय निकाल लागला?

अर्धवर्तुळ

पासिंग एका पायरीने वर. बुधवारच्या सामन्यात ८ वेळा चेंडू घालवला, म्हणजे तीनने कमी. आणि काका, तुमचा निरोप अजून आलेला नाही.